चाचणीचं बटण

लोकांच्या घरात चोर शिरू नये म्हणून मी उभा जन्म घालवला, आणि एका घरात चोर शिरला तो माझ्यामुळे. हे वाक्य नऊ वर्षं मी तोंडातून बाहेर काढलं नाही. त्या नऊ वर्षांत सत्कार मात्र भरपूर घेतले.

माझी गोष्ट तशी लोकांना पाठ आहे, कारण मीच ती भाषणांतून घोळवून घोळवून सांगितली. रेडिओदुरुस्तीचं दुकान, दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढं. तिथे कपडे वाळत घालायचा एक चिमटा, दोन तारा आणि एक विजेची घंटी घेऊन मी पहिलं यंत्र केलं. चिमट्याच्या जबड्यात पुठ्ठ्याचा तुकडा, तुकड्याला दोरा, दोऱ्याचं टोक दाराला. दार उघडलं की पुठ्ठा निसटायचा, तारा एकमेकींना भिडायच्या आणि घंटी सगळी गल्ली डोक्यावर घ्यायची. आई म्हणाली, "चोराचं राहू दे, आधी माझाच जीव जाईल." इथे सभागृह हसतं. मी पाणी पितो आणि पुढे सरकतो.

भाषणातून एक माणूस मात्र मी गाळत आलो. पक्कड. मागच्या खिशात कायम पक्कड असायची म्हणून हे नाव. त्याच्या बायकोने लग्नानंतर वर्षभर खऱ्या नावाने हाक मारून पाहिली, मग तिनेही नाद सोडला. यंत्र माझ्या डोक्यातून निघायचं, पण भिंतीवर टिकायचं ते त्याच्या हातामुळे. मांजराने उडी मारली तर भोंगा वाजू नये आणि माणूस सरपटत आला तर वाजावा, यासाठी तो लोकांच्या दिवाणखान्यात पोटावर सरपटायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तो खालूनच म्हणायचा, "हसा ताई. चोर काही तुम्हाला विचारून यायचा नाही."

यंत्र बसवताना दारं शंभर वेळा उघडावी लागतात. दरवेळी भोंगा बोंबलला तर शेजारी लाठ्या घेऊन येतील. म्हणून मी एक बटण दिलं होतं, 'चाचणी'. ते दाबलं की सगळं चालू दिसायचं, हिरवा दिवासुद्धा लागायचा, फक्त भोंगा मुका. काम संपलं की चाचणी बंद करायची, कार्डावर तसं लिहून वेळ टाकायची आणि सही करायची. पक्कड माझ्या मागे लागला होता, "तासाभराने ती आपोआप बंद होईल असं करा ना साहेब. माणूस आहे, विसरतो." मी म्हणालो, "ज्याला एक बटण लक्षात राहत नाही, त्याने हा धंदा करू नये." तेव्हा हे वाक्य मला फार बाणेदार वाटलं होतं.

दहा हजारावं घर एका निवृत्त शिक्षिकेचं निघालं. एकट्या राहायच्या, सगळे त्यांना बाई म्हणत. माझ्या मनात आलं, हे यंत्र कंपनीच्या मालकाने, म्हणजे मी, स्वतःच्या हाताने बसवावं आणि वर्तमानपत्रात फोटो यावा. स्वतःच्या हाताने म्हणजे काय, तर पक्कडने सकाळी सगळं बसवलं, तपासलं, पावणेदहाला कार्डावर सही केली. मी अकराला नवा कोट घालून स्टुलावर चढलो. फोटोवाल्याला दार उघडताना, दार लावताना, पुन्हा उघडताना असे नाना प्रकार हवे होते. पक्कड खाली गाडीत हत्यारं भरत होता. भोंगा नको म्हणून मी चाचणीचं बटण दाबलं. फोटो झाले, बाईंनी सरबत दिलं, मी त्यांना म्हणालो, "आता बिनघोर झोपा." आणि निघालो. बटण तसंच राहिलं.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, बाई झोपल्या असताना दोघे आत शिरले. हिरवा दिवा लागलेला होता. भोंगा वाजला नाही. बाई आवाजाने उठून बाहेर आल्या, त्यांना ढकललं, खुब्याचं हाड मोडलं.

यंत्राच्या पोटात नोंद राहते. ती मी एकट्याने पाहिली. चाचणी चालू: अकरा वाजून वीस मिनिटं. मी स्टुलावर होतो ती वेळ. मी यंत्र बंद केलं, खुर्चीत बसलो, आणि पक्कडला बोलावून घेतलं. खरं सांगायलाच बोलावलं होतं, असं मी स्वतःला अजून सांगतो. पण तो आत आला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "चाचणी चालू राहिली होती. सही तुझी आहे."

त्याचा चेहरा उतरला. "बंद केली होती साहेब. केलीच असणार."

"असणार?" मी म्हणालो.

बस. एका शब्दात मी त्याचा कणा काढून घेतला. तो उभ्या उभ्या आठवायला लागला, आणि जसजसं आठवू लागला तसतसं त्याचं त्यालाच पटेनासं झालं. शेवटी म्हणाला, "चुकलं माझं." त्याने माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि मी ते ऐकून घेतलं.

पोलिसांनी त्याला तीनदा बोलावून सोडून दिलं. पण लोक कुठे सोडतात? तो चोरांना सामील होता, असं कुणीतरी बोललं आणि गावभर झालं. आमच्या धंद्यात माणूस परक्याच्या घरात झोपायच्या खोलीपर्यंत जातो. एकदा नाव गेलं की कुणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. तो मिक्सर, पंखे दुरुस्त करू लागला. मी पुढच्या यंत्रात चाचणी तासाभराने आपोआप बंद होईल असं केलं, आणि त्या सुधारणेबद्दलही मला बक्षीस मिळालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

यंदा व्यापारी मंडळाने जीवनगौरव जाहीर केला. पुस्तिकेसाठी फोटो हवे होते. कंपनी आता मुलगी चालवते. तिने त्या दिवसाचा मूळ फोटो मागवून घेतला. तो घेऊन ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"बाबा, तुमचं बोट चाचणीवर आहे. वर घड्याळात अकरा वीस दिसतायत. मी जुनी नोंदही काढली." ती थांबली. "पक्कडकाकांना हे माहितीये?"

तिला लहानपणी त्यानेच सायकल शिकवली होती.

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

स्वतःच्या लेकीसमोर मान खाली घालून बसण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. आणि खरी शरमेची गोष्ट तर ही, की तिने विचारलं नसतं तर मी तो गौरवही घेऊन आलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडे गेलो. दोन खोल्या, पुढच्या खोलीत उघडे पंखे. त्याने घाईघाईने खुर्ची पुसली. "साहेब, तुम्ही कशाला आलात? निरोप धाडायचा."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा धीर झाला नसता.

त्याने हातातलं पातं खाली ठेवलं. "म्हणजे मी सकाळी बंद केली होती?"

"हो."

"मला आठवत होतं," तो हळूच म्हणाला. "बटण दाबलं, दाराची फट हाताने चाचपली, मग सही केली. सगळं आठवत होतं. पण तुम्ही म्हणालात. मला वाटलं, साहेब खोटं कशाला बोलतील? मग मीच खोटा असणार."

मी माफी मागितली. तो शब्द त्या खोलीत फार फुटकळ वाटला.

त्याने आत हाक मारली. बायको ओले हात पुसत आली. "हिला सांगा," तो म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. ती ऐकत होती आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "नऊ वर्षं हा माणूस रात्री उठून बसतो." आणि आत गेली. आतून भांड्याचा आवाजसुद्धा आला नाही.

पक्कड उठला, सदरा बदलला. "चल," तो म्हणाला.

"कुठे?"

"बाईंकडे. दर गुरुवारी जातो मी. औषधं देतो, दिवाबत्ती बघतो. त्यांनी मला कधीच माफ केलंय. पण माफ केलंय ते मला."

मला मंडळाच्या बैठकीला जायचं होतं. खरंच जायचं होतं. मी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा. त्याने ते बघितलं आणि तो दारात उभा राहिला. मी चपला घातल्या.

बाईंच्या दाराशी त्याने मला पुढे केलं. मी बेल वाजवली. आत बऱ्याच वेळाने वॉकरचा आवाज सुरू झाला. ठक्, मग पाय घासल्याचा आवाज, मग पुन्हा ठक्. खोली काही मोठी नव्हती, पण तो आवाज संपेना. त्यांना दारापर्यंत यायला एवढा वेळ लागतो हे मला ठाऊक नव्हतं. पक्कडला होतं, तो भिंतीला टेकून शांत उभा होता.

दार उघडलं. बाईंनी आधी त्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "ये रे. आणि हे कोण?"

"हा सांगेल," पक्कड म्हणाला.