वर्गणीदारांच्या नावानं

आमच्या यांना कुणाचं फुकट घेतलेलं पचत नाही. हा गुण म्हणून मी चारचौघींत मिरवत आले. आता तोंड उघडवत नाही.

आमची उत्तरा माशांवर संशोधन करते. उन्हाळे वाढत चाललेत, नद्यांचं पाणी तापतं, मासे मरतात. पण सोनपेठजवळच्या आमच्या गावात, देवळामागच्या पायऱ्यांच्या बारवेतले बोटभर मासे मात्र तग धरून. पाणी गुडघ्याएवढं उरलं, अंघोळीला काढावं तसं तापलं, तरी माशांची आपली ये-जा चालूच. त्यांना हे कसं जमतं, तेवढंच तिला शोधायचं होतं. सरकारी पैसा काही मिळाला नाही. मग तिनं इंटरनेटवर लोकांपुढे पदर पसरला, आणि कुठकुठल्या अनोळखी माणसांनी पैसे दिले.

हे त्या देवळाचे पुजारी. म्हणाले, "वर्गणी घेतली अन् प्रसाद न्हाई, असं कुठं असतंय का?"

तोडही यांनीच काढली. प्रत्येक वर्गणीदाराचं नाव घेऊन बारवेत कणकेची गोळी सोडायची. पुण्य त्या माणसाला, पोट माशांचं. कणीक मळायची मी. मी कुरकुर करायचे, पण मळून द्यायचे.

उत्तराला हसू आलं. तिनं यांचा व्हिडिओ काढून वर्गणीच्या पानावर टाकला. सोवळं नेसलेले हे, नाकावर घसरलेला चष्मा, खणखणीत आवाजात एकेक नाव. लोकांना भारीच आवडलं. पैसे वाढले तशा गोळ्या वाढल्या. पुढे तर परभणी, पेडगावकडून माणसं गाड्या करून यायला लागली, येताना मुरमुऱ्यांच्या पिशव्या घेऊन. आल्यागेल्याला नाही म्हणायची यांना सवय नाही.

उत्तरा परभणीला राहते. तिचा फोन आला, "बाबा, पाणी बिघडायलंय. जरा कमी टाका तुमी."

"अगं, माणसाचं नाव अर्धं घेता येतंय का?" म्हणून यांनी ते हसण्यावारी नेलं. तिनंही फार ताणून धरलं नाही. वर्गणीदार खूश होते ना.

मे महिन्यात बारवेला आंबूस वास यायला लागला. एका सकाळी हे पूजेला गेले आणि पूजा न करताच परत आले. सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

उत्तरा धावत आली. पाण्यात यंत्र सोडून बघितलं. तळाशी कणीक कुजली होती, पाण्यातला प्राणवायू संपला होता. तिनं ते मला एकटीला सांगितलं. गाव म्हणत होतं, ऊनच लय हाय यंदा. मान खाली घालून हेही तेच म्हणायला लागले.

संध्याकाळी ती वर्गणीदारांना कळवायला बसली. मला यांचा चेहरा बघवत नव्हता. मी हळूच म्हटलं, "उनानं मेले म्हणून लिही की. कुणाला कळायलंय?"

"आई, मग सगळे म्हणतील, एवढ्या उनात मासे टिकतच न्हाईत. अन् हे तर टिकले होते. मागच्या साली पाणी याहून जास्त तापलं होतं. मी मोजलंय."

हे उंबऱ्यात उभे होते, आम्हाला कळलंच नाही. "म्हंजे जगले असते का?" यांनी विचारलं.

वडिलांशी खोटं बोलणं त्या पोरीला कधी जमलं नाही. त्या दिवशी जमलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

"जगले असते, बाबा."

हे आत येऊन तिच्याशेजारी बसले. म्हणाले, "काय लिहिलंय ते वाच."

तिनं फोनवरून वाचलं, "मासे उन्हानं मेले नाहीत. आम्ही खाऊ घातल्यानं मेले."

"आमी कशाला?" हे म्हणाले. "माझं नाव लिही."

उत्तराचं बोट हलेना. कणीक मी मळली होती. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि होतं तसंच पाठवून दिलं.