दोन प्रश्न पाठीवर घेतलेले पॅड

मित्रांनो, मी एक जुने लाकडी पॅड आहे, तुम्ही परीक्षेला नेता तसेच, वर लोखंडी चिमटा असलेले. ऑस्ट्रेलियातल्या एका गव्हाच्या गावात, शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत मी तयार झालो. विज्ञानाच्या बाई आयल्सा मॅकराय निवृत्त झाल्यावर माझ्यावर कागद लावून घरोघरी लोकांची मते विचारत.

एका वर्षी प्रश्न दोनच होते. दुसऱ्या देशाचाही नागरिक असलेल्या माणसाने आपल्या संसदेत बसावे का? आणि देशाच्या प्रमुखपदी ब्रिटनचा राजाच राहावा का?

ऐंशी वर्षांचे क्लॅरी ट्रेम्बाथ मेंढ्यांना चारा टाकत होते.

"परका? संसदेत? मुळीच नाही! लिही."

"आणि राजा?"

"राहणारच. हे काय विचारणं झालं?"

"क्लॅरी, राजा राहतो लंडनला."

"म्हणून काय तो परका? आपल्या नाण्यावर आहे तो!"

बाईंनी तेच लिहिले.

त्याच वर्षी गावातले प्रसूतिगृह बंद झाले. ते पुन्हा उघडण्यासाठी बाईंनी संसदेची निवडणूक लढवायचे ठरवले. पण अर्जात वडिलांचे जन्मस्थान लिहिताना पेन थांबले. वडील स्कॉटलंडचे. म्हणजे बाई जन्मापासून ब्रिटनच्याही नागरिक, आणि तिथल्या कायद्याने दुसऱ्या देशाच्या नागरिकाला संसदेत बसता येत नाही, म्हणून अपात्र! संसदेत राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची, तर आधी राजाच्याच देशाचे नागरिकत्व सोडायला हवे होते.

बाईंनी वडिलांचा जुना पासपोर्ट बराच वेळ हातात धरला. मग माझ्यावर नागरिकत्व सोडण्याचा अर्ज लावून सही केली.

लंडनहून मंजुरी आली. आता उमेदवारीसाठी शंभर मतदारांच्या सह्या हव्या होत्या, आणि क्लॅरींनी नाही म्हटले तर त्या बाजूची एकही शेतवाडी सही देणार नव्हती. बाईंनी त्यांना सगळे सांगून टाकले.

"म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत तू परकी होतीस?"

"कायद्यानं, होय."

"आणि मी तुला चहा पाजत होतो!"

"पहिलं उत्तर बदलायचंय?"

"छे! तू सोडलंस ना ते? मग झालं. आण पेन. पण राजाला हात लावायचा नाही."

"ते सगळ्यांना विचारून ठरेल, क्लॅरी."

"हट्टी आहेस!" म्हणत त्यांनी इतकी दाबून सही केली की ती माझ्या लाकडावर उमटली. संध्याकाळपर्यंत सह्या पूर्ण झाल्या आणि बाई निवडणुकीला उभ्या राहिल्या.

आता माझा चिमटा सैल झाला आहे. मित्रांनो, त्याला तेल द्या, पण मला घासून गुळगुळीत करू नका. आणि माझ्यावर कागद लावाल तेव्हा, समोरच्याचे उत्तर पटो न पटो, तो म्हणेल तेच लिहा.