पांढऱ्या हॅट्स

माझी बायको द्रौपदी गेली तेव्हा मी लंडनमध्ये हाउन्सलोच्या बस डेपोत चहा पीत होतो. मँचेस्टरहून रॉनचा फोन आला. तो तिच्या बँडमध्ये स्टील गिटार वाजवायचा. कार्यक्रमाआधी माइक तपासताना ती खाली बसली आणि उठलीच नाही, एवढंच त्याला सांगता आलं. मी बसच्या किल्ल्या कंट्रोलरला दिल्या आणि तसाच मँचेस्टरला गेलो.

इकडे तिला सगळे ड्रू म्हणायचे. विमानतळाच्या किचनमध्ये जेवणाचे ट्रे भरता भरता ती रेडिओवरून कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतली काउबॉय लोकांची गाणी, शिकली. आधी ख्रिसमस पार्टीत गायली, मग क्लबांत, मग थिएटरांत. २००३ मध्ये रेकॉर्डला बक्षीस मिळालं, तेव्हा तिने नोकरी सोडली. पुढे ग्लासगोपासून ब्रायटनपर्यंत तिच्या शोची तिकिटं मिळायची नाहीत. सुट्टी घेऊन व्हॅन मी चालवायचो.

तिचे वडील नागपूरकडे भीमगीतं गायचे. लहानपणी ती त्यांच्यामागे कोरसमध्ये असायची. तिथली एक सवय तिने इथेही ठेवली. ओळीचा शेवट ती स्वतः गायची नाही, समोरच्यांवर सोडायची. सुरुवातीला इंग्रज लोक नुसतेच बघत राहायचे. ती हात पुढे करून थांबायची. हळूहळू त्यांना सवय लागली आणि मग लोक त्यासाठीच यायला लागले.

आमच्या इथल्या बुद्धविहारातल्या मंडळींना हे फारसं रुचलं नाही. आमच्यात सगळ्यांत मोठ्या सुप्रभाताई स्टेजवरच्या तिच्या काउबॉय हॅटवरून तिला तोंडावर ‘टोपीवाली’ म्हणायच्या. द्रौपदी हसून सोडून द्यायची. पण एकदा व्हॅनमध्ये म्हणाली, “अहो, माझी ही माणसं आणि ती माणसं एकदा तरी एका खोलीत बसवा.” मी हो म्हणालो. ते राहून गेलं.

विहारात तिच्यासाठी पुण्यानुमोदनाची प्रार्थना ठेवली होती. तिला बँडवाले आणि क्लबातले आम्ही आलो तर चालेल का, असं रॉनने विचारलं. काय घालायचं, तेही विचारलं. मी गडबडीत ‘पांढरं’ एवढंच म्हणालो.

रविवारी विहाराच्या हॉलसमोर त्यांची बस थांबली. एकेक जण उतरायला लागला. पांढरी काउबॉय हॅट, झालरीचा पांढरा शर्ट, पांढरे बूट. त्यांच्या क्लबात पांढरं म्हणजे हेच. आत सगळे साध्या पांढऱ्या कपड्यांत शांत बसले होते. आजही तिच्या माणसांचे दोन गट पडणार, असं वाटलं.

दारात चपला काढलेल्या बघून त्यांनीही बूट काढायला घेतले. तसले बूट एकट्याने निघत नाहीत. रॉन एका पायावर नाचायला लागला. सुप्रभाताई उठून बाहेर आल्या, त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याचा बूट धरून ओढला.

“द्रौपदीचे कोण काढायचं रे, सुभाष?”

“मीच, ताई. प्रत्येक शोनंतर.”

“मग बरं चाललं होतं म्हणायचं टोपीवालीचं,” त्या म्हणाल्या आणि दुसरा बूट ओढला.

हॅट्स मांडीवर ठेवून ती मंडळी आमच्यात बसली. त्रिशरण-पंचशील झालं. मग ताईंनी द्रौपदीच्या वडिलांचं एक गाणं धरलं. पहिल्या ओळीच्या शेवटी त्या थांबल्या, कोरससाठी. आमच्या लोकांनी ओळ उचलली. पुढच्या वेळी पांढऱ्या शर्टांतूनही आवाज आला. शब्द त्यांना कळत नव्हते, पण कुठे उचलायचं ते बरोबर ठाऊक होतं. ते तिनेच शिकवलं होतं. ताईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, आणि पुढच्या ओळीला हात त्यांच्या दिशेने केला.

त्या दिवशी मी भात दोनदा मागून घेतला. ती गेल्यापासून अन्न गोड लागलं नव्हतं. रॉन आणि ताई शेजारी बसून जेवत होते, आणि ताई त्याला लोणचं वाढत होत्या.

तेच गाणं द्रौपदीने उन्हाळ्यात स्टुडिओत एकटीने गाऊन ठेवलं आहे. त्यावर रॉनचं गिटार अजून बसवायचं आहे.