पाठीवरचं कासव

उद्याच्या शर्यतीत आत्या पहिल्यांदाच धावणार होती, तीही साठीत. स्पंज कासवाच्या आकारात कापून, रंगात बुडवून तिने कोऱ्या टी-शर्टच्या छातीवर दाबला. पण आत पुठ्ठा सरकवायलाच विसरली. रंग झिरपून पाठीवर हिरवा डाग पडला.

"वाटलंच होतं मला!" उद्या तिच्याबरोबरच धावणारा तिचा धाकटा भाऊ खो-खो हसला. "टाकून दे. तसंही कासवाला कोण विचारतंय?"

आत्याने बाह्या सरसावल्या. पुढचा रंग वाळताच पुठ्ठा आत सारून तिने टी-शर्ट पालथा केला आणि डाग झाकेल एवढं ढब्बू कासव पाठीवर दणक्यात छापलं.

"हे आणखी कशाला?" भावाने विचारलं.

"तुझ्यासाठी," ती स्पंज पिळत म्हणाली. "उद्या वाटभर तुला हेच बघायचंय."