सतरा नंबरची मुळं

संशोधन केंद्रात मुळं धुणारी ती, म्हणून सगळ्यांची मुळंताई. शेंगा मोजायचा मान शास्त्रज्ञ मॅडमचा, चिखलात हात घालायचा हिचा. पुरुषभर उंच पाइपांत माती भरून हरभरा लावायचा, फुलोरा आला की पाणी तोडायचं आणि तहानेत कोण तग धरतं ते बघायचं. छळच म्हणा ना! पण जो वाण टिकेल त्याचं बी पुढच्या हंगामात कोरडवाहू शेतांत जाणार होतं.

यंदा दाराशी असलेल्या सतरा नंबरनं कमाल केली. बाकीचे वाण पिवळे पडले आणि हा पठ्ठ्या शेंगांनी लगडला. मॅडमचे पाय जमिनीवर नव्हते. "मुळंताई, तुझ्या हाताला यश आहे हो!"

"चढवा मला हरभऱ्याच्या झाडावर," ती हसली आणि सतरा नंबरचा पाइप उघडून नळाखाली धरला.

माती वाहून गेली तशी तिनं मुळं तळहातावर पसरली. मुळं जेमतेम वीतभर, वरच्या वर पसरलेली. तहानलेलं झाड असं करत नाही, ते ओल शोधत खाली जातं. आतल्या ओळीतल्या नऊ नंबरला शेंगा मोजून सहा, पण मुळं पार तळाला टेकलेली. सतराला कोणीतरी रोज वरून पाणी पाजत होतं.

आणि दाराशी स्टूल टाकून दिवसभर कोण बसतं, हे तिला कोणी सांगायला हवं होतं का? पहारेकरी तिचेच वडील. निवृत्तीला उरलेलं एक वर्ष. आपलेच दात, आपलेच ओठ!

दुपारी डबा उघडताना तिनं विचारलं, "बाबा, दाराजवळच्या झाडाला पाणी घातलंत?"

"बाटलीत उरलेलं, रोज घोटभर." ते जराही ओशाळले नाहीत. "डोळ्यांदेखत सुकत होतं गं. तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही, हा कुठला न्याय?"

"त्याचं बी लोक पेरतील, बाबा. त्यांच्या शेतात बाटली घेऊन कोण बसणार आहे?"

बाबांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "मॅडमना कळलं?"

"मी नोंदवहीत लिहिलं तर कळेल." तिला रडूच फुटलं.

"मग लिही. आणि 'कोणीतरी' असं लिहू नकोस. पहारेकऱ्यानं घातलं, असं लिही."

मॅडम बोलायचं ते बोलल्या. बाबांची नोकरी वाचली, हंगाम मात्र गेला.

नव्या पेरणीला फुलं आली, पाणी तोडलं. त्या दिवशी मुळंताई मुद्दाम दाराकडे गेली. बाबा झाडांकडे पाठ करून स्टुलावर बसले होते आणि बाटली त्यांनी घरीच ठेवली होती.