तिसरी फेरी

ते पत्र उघडलंच नसतं तर बरं झालं असतं, असं सरोजिनीबाईंना पुढचे चार महिने वाटत राहिलं.

पत्र म्हणजे ईमेल. मंगळवारी सकाळी, संस्थेत येऊन चहा घेता घेता त्यांनी ते उघडलं. पाठवणारं जर्नल असं होतं, की जैवतंत्रज्ञानातल्या माणसाचा एखादा पेपर त्यात छापून आला, की लोक त्याच्याशी जरा वेगळ्या आवाजात बोलू लागतात. असं जर्नल आलेला पेपर सरळ छापत नाही. आधी तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणत्या माणसांकडे जातो. ती तपासतात, शंका काढतात, मग निर्णय होतो. तपासणाऱ्याचं नाव कुणाला कळत नाही, आणि वाचलेलं त्यानं कुणाला सांगायचं नसतं. सरोजिनीबाई हे काम वीस वर्षं करत होत्या. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी त्या सांगायच्या, "दुसऱ्याचा न छापलेला पेपर म्हणजे दुसऱ्याच्या नावचं पाकीट. हातात आलं म्हणून आपलं होत नाही."

हा पेपर तपासाल का, अशी विचारणा होती. खाली शीर्षक आणि दहा ओळींचा गोषवारा. तिसऱ्या ओळीला त्यांनी कप खाली ठेवला.

डाळिंबाचा तेल्या रोग. पानांवर, फळांवर तेलकट डाग पाडणारा जंतू झाडाच्या पेशीला एक दार उघडायला लावतो. दारातून साखर बाहेर येते, ती खाऊन जंतू वाढतो. त्या दाराचं कुलूप, म्हणजे जनुकातला एवढासा तुकडा, बदलला की जंतूची किल्ली चालत नाही. जंतू उपाशी, झाड शाबूत. परदेशातल्या कुठल्याशा गटानं हे करून दाखवलं होतं. आणि तेच दार, तोच तुकडा घेऊन त्यांची विद्यार्थिनी प्रियदर्शनी पाच वर्षं गच्चीवरच्या हरितगृहात राबत होती.

सरोजिनीबाईंनी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. माझी विद्यार्थिनी याच विषयावर काम करते, मी हा पेपर तपासणं योग्य नाही. बोट क्षणभर अडलं, मग एक ओळ वाढवली: असं काम चालू आहे एवढं तरी मी तिला सांगू शकते का?

संध्याकाळी संपादकांचं उत्तर आलं. प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल आभार. सांगू नये, ही विनंती.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनी वही घेऊन आली. मुलगी वाशीमची, बोलण्यात अजून तिकडचा हेल होता. कामाला वाघ.

"मॅडम, मी काय म्हणते, दुसरी फेरी झाली न. वीस झाडांवर जंतू फवारले, एकोणीस स्वच्छ. एकावर डाग आले."

"का आले?"

"तेच तर समजत नाही. पहिल्या फेरीत एकावरही नव्हते." ती खुर्ची ओढून बसली. "तिसरी फेरी करायची म्हणजे अजून चार महिने. नाहीतर आहे तसंच पाठवून देऊ का? निदान कच्चा मसुदा इंटरनेटवर टाकून ठेवू, म्हणजे आपली तारीख तरी लागेल? आजकाल सगळेच टाकतात. मी नोकरीसाठी अर्ज केलाय न, बाहेरच्या त्या लॅबनंही लिहिलंय, पेपर आला की कळवा, मग जागेचं बघू."

सरोजिनीबाईंनी तिची वही पुढे ओढली. 'पाठवून दे' म्हणावं, तर दुसऱ्याचं पाकीट फोडून वाचल्यासारखं. 'थांब' म्हणावं, तर पोरीचा पाय खड्ड्यात पडताना हात खिशात ठेवून बघितल्यासारखं. शेवटी त्यांना एकच कसोटी सुचली: सोमवारी, ते पत्र यायच्या आधी, हिनं हेच विचारलं असतं, तर मी काय म्हटलं असतं?

उत्तर त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते दुसरं कुठलं असतं तर किती सोपं झालं असतं.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

प्रियदर्शनी हसली. "मॅडम, तुम्ही हे कधीपासून विचारायला लागलात?"

"सांग तर."

"त्या एका झाडाचं कोडं सुटल्याशिवाय मला झोप नाही लागणार. आणि तुम्ही मसुदाही टाकू देणार नाही, मला माहीत आहे."

"मग तिसरी फेरी कर," सरोजिनीबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच आला, याचं त्यांना नवल वाटलं.

घरी श्रीनिवासरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी आमटी वाढून घेताना विचारलं, "डाळिंबाला डाग पडलेत की तुम्हाला?"

"काही नाही हो."

"बरं. 'काही नाही' संपलं की सांगा, मीठ वाढा म्हणायचंय."

त्या हसल्या. पण यजमानांनाही सांगण्याजोगं नव्हतंच ते.

रविवारी सकाळी कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये सतरंजी टाकून, त्या लहान मुलांना विज्ञान शिकवायच्या. मंडईतून आणलेले वाल मुलांनी मातीच्या कुंड्यांत लावले होते. काही कपाटात, काही गॅलरीत. नऊ वर्षांच्या ओवीच्या कपाटातला वाल पिवळा पडून लांबलचक वाढला होता.

"आजी, मी वहीत लिहू? अंधारात झाड पिवळं होतं."

"अजून दोनदा करून बघ. मग लिही."

"पण तसंच येणार आहे. मला माहितीये."

"मग करायला काय हरकत आहे?"

ओवीनं शेजारी बसलेल्या मैत्रिणीकडे बघितलं. "आणि तोपर्यंत सलोनीनं आधी लिहिलं तर?"

या प्रश्नाचं उत्तर सरोजिनीबाई वर्षानुवर्षं देत आल्या होत्या. लिहू दे की, झाड काही तिचं होत नाही. आज मात्र त्यांनी वाकून ओवीच्या कुंडीत पाणी घातलं. कपाटातल्या कुंडीला आज पाणी नको होतं, हे ओवीनंच त्यांच्या लक्षात आणून दिलं.

चार महिने प्रियदर्शनी रोज गच्चीवर जात होती. डागाचं कोडं तिनं सोडवलं: दुसऱ्या फेरीतल्या त्या एका रोपाचं कुलूप बदललंच नव्हतं, ते बदललेल्यांत चुकून शिरलं होतं. ते सांगायला ती जिना धावत उतरली. सरोजिनीबाईंनी तिची पाठ थोपटली. पाठ थोपटतानाही त्या मनात आठवडे मोजत होत्या.

तिसरी फेरी संपायला सहा दिवस उरले असताना ती पुन्हा आली. या वेळी चालत. हातात मोबाइल होता, पडद्यावर त्या जर्नलचं पान.

"आलाय, मॅडम. आपलंच काम. त्यांच्या नावानं."

सरोजिनीबाईंनी चष्मा लावून वाचल्यासारखं केलं. गोषवारा त्यांना पाठ होता.

"म्हणजे आता आपण पाठवलं तर ते म्हणतील, यात नवीन काय. दुसऱ्या कुठल्या तरी छोट्या जर्नलमध्ये येईल. येईल न?"

"येईल."

"आणि त्या बाहेरच्या लॅबला काय लिहू?"

सरोजिनीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

प्रियदर्शनीनंच मग हात पुढे करून त्यांच्या टेबलावरची विखुरलेली पानं नीट केली. "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. तुम्हाला तरी कसं कळणार होतं?"

सांगून टाकावं. पेपर तर आता जगापुढे आलाच आहे. शब्द तोंडाशी आले. पण सांगितल्यानं पोरीला तिचे चार महिने परत मिळणार नव्हते; हलकं झालं असतं ते फक्त सांगणारीचं मन. आणि आपल्याकडे कोणता पेपर आला होता, हे नंतरही सांगायचं नसतं.

"पाणी घातलंस आज?" त्यांनी विचारलं.

"नाही. घालू?"

"चल, मी पण येते."

गच्चीवर ऊन चढलं होतं. दोघी एकेका कुंडीपुढे वाकत गेल्या. पान उलटं करून बघायचं, मग पुढची. प्रियदर्शनी आकडा सांगत होती, सरोजिनीबाई वहीत लिहीत होत्या.

"अठरा."

"डाग?"

"नाही."

"एकोणीस?"

"नाही."

विसाव्या झाडाची पानं तिनं दोनदा उलटून पाहिली.

"एकही नाही, मॅडम," ती म्हणाली. सरोजिनीबाईंनी ते लिहिलं आणि पुढे तारीख घातली.