गुरमेलचा आवाज

कृष्णकांत विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात कलावंत असायचा. शब्दाला ठाम अर्थ नसतो, विज्ञान आणि झेन शेवटी एकाच मौनापाशी येऊन थांबतात, हे ऐकून ऐकून त्याच्या बायकोचे, शैलजाचे, कान किटले होते. ती इस्पितळात वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवी. गुरमेल तिचा पेशंट. ट्रक चालवायचा, ढाब्यावरच्या मारामारीत लोखंडी कांब डोक्यात बसली आणि भाषाच गेली. डाव्या बाजूचं कवटीचं हाड डॉक्टरांनी काढून ठेवलं होतं. पगडीखाली तिथं नुसती कातडी होती. एक फटका बसला तर खेळ खलास.

त्याच्या बोलण्याच्या धडपडीच्या टेप कृष्णकांतने अभ्यासाला म्हणून मागितल्या आणि या भाबडीने दिल्या.

आता सेक्टर सतराच्या आर्ट गॅलरीत, कृष्णकांतच्या प्रदर्शनात, त्या टेप मोठ्याने वाजत होत्या. गुरमेलच्या मेंदूचे स्कॅन काचेच्या पेट्यांत उजळले होते, त्यांवर झेन चित्रांत असतात तशी काळ्या शाईची वर्तुळं. आयटी पार्कातले नवे पगारदार माना डोलवत होते. कहर म्हणजे, शैलजाला न सांगता कृष्णकांतने गुरमेललाही बोलावलं होतं.

गुरमेल दारातच थबकला. स्वतःचं ते अडखळतं, रडकं गुरगुरणं त्याने ऐकलं. कोणीतरी हसलं. त्याने लोखंडी स्टूल उचललं आणि पेट्या फोडायला सुरुवात केली. काचा उडाल्या, एका बाईचा गाल चिरला. कृष्णकांत मात्र हात वर करून सांगू लागला, "रुकिए, इन्हें करने दीजिए. यही तो जवाब है." लोक चक्क टाळ्या वाजवू लागले. शैलजाच्या अंगाचा तिळपापड झाला.

रखवालदाराला असल्या कलेशी देणंघेणं नव्हतं. त्याने गुरमेलच्या पाठीत लाठी घातली, मग गुडघ्यांवर. गुरमेल कोसळला, पगडी सुटली. पुढची लाठी डोक्यावर येणार हे दिसताच शैलजाने त्याच्यावर झेप घेतली आणि त्या मऊ जागेवर हात आडवा धरला. काडकन आवाज झाला. तिच्या मनगटाचं हाड कातडीबाहेर आलं. गुरमेलचं डोकं वाचलं. रखवालदार घाबरून लाठी टाकून मागे सरला.

टाळ्या थांबल्या. कृष्णकांत धावत आला. आधी त्याने फोटोग्राफरला खूण केली, मग मायेने म्हणाला, "शैला, जरा अशीच थांब. एकच मिनिट."

ती थांबली नाही. धड हाताने तिने लाठी उचलली आणि नवऱ्याच्या तोंडावर हाणली. दात पडले. तो काहीतरी बोलू पाहत होता, तेव्हा तिने पुन्हा हाणली.